रांजणात अळ्या सापडल्या तर २०० रुपये दंड : ग्रामपंचायतीचं बरोबर की चूक?

खारपाण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गाव अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्याकडचे बरेच जण इथे गुपचूप वाचतात.

पोळ्याच्या आधी गावात तापाची साथ आली, काही जणांचे रिपोर्ट डेंग्यूचे निघाले. लगेच ग्रामसभा बोलावली आणि ठराव पास झाला. दर शनिवारी कोरडा दिवस. त्या दिवशी रांजण, टाक्या, हौद, ड्रम, कूलर सगळं रिकामं करायचं. आरोग्यसेवक, आशाताई आणि पंचायतीचा शिपाई घरोघरी जाऊन बघणार. पहिल्यांदा अळ्या सापडल्या तर दारावर लाल खूण आणि तोंडी समज, दुसऱ्यांदा २०० रुपये. भरले नाहीत तर घरपट्टीत जोडणार आणि दाखले अडवणार.

आता अडचण सांगतो. बोअरचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. नळयोजनेचं गोडं पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. म्हणून प्रत्येक घरात चार-पाच ड्रम भरलेले असतात. शनिवारी ड्रम ओतून द्या म्हणतात, तर शुक्रवारी रात्री नळ सोडा ना! दहा दिवसांचं पाणी ओतून देऊन आम्ही प्यायचं काय?

दोन प्रश्न आहेत. पंचायतीला असा दंड करता येतो का? आणि तुमच्याकडे कुठे दंड लावला असेल तर डास खरंच कमी झाले का? राजकारण नको, अनुभव सांगा.

---

तर्रीपोहा

ग्रामपंचायतीवर धागा काढायचा आणि राजकारण नको म्हणायचं. वा रे भाऊ.

---

वावरातला_बुढा

दंड लागलाच पाह्यजे, माह्यं सरळ मत हाये. २००६ चा चिकुनगुनिया आठवते का कोनाले? आमच्या गावात घरटी एक तरी मानूस वाकून चालत होता. निंदनाले बाया नाई, डवऱ्यामागं मानूस नाई, पऱ्हाटीत गवत कमरेएवढं. माह्या बायकोचे गुडघे त्यानंतर दोन वर्सं सरळ झाले नाई. तवा कोनी दंड केला नाई, नुसते येऊन धूर सोडून गेले. धूर पाहून पोट्टे त्याच्या मागं पळत होते, मच्छर तसेच.

समजावून सांगतलं तं मानूस ऐकत नाई. खिशातून दोनशे गेले म्हंजे बरोब्बर ऐकते.

---

धानपट्टा

आमच्या गोंदियाकडे या. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत गावाच्या चहूबाजूंनी बांध्यांमध्ये पाणी, वरून बोड्या (छोटी तळी) आणि मामा म्हणजे मालगुजारी तलाव. पथकाने दंड करायचं ठरवलं तर सातबाराच काढून बसावं लागेल.

---

कोरडवाहू

खारपाण, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. आमच्याकडे (बुलडाणा जिल्हा) असाच फतवा निघाला होता. मी ग्रामसेवकांना एवढंच विचारलं की साहेब, पंचायत ऑफिससमोरची नाली शेवटची कधी उपसली? शाळेमागे हापशाभोवती डबकं आहे, त्यावर लाल खूण कोण करणार? नळयोजनेचा व्हॉल्व्ह गळतो, त्या खड्ड्यात बारा महिने पाणी असतं. आधी तुमचं पाणी काढा, मग माझा रांजण बघायला या.

पैसे नाहीत हे तर ऐकूनच घेऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. तो पैसा कुठे गेला हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

---

मायक्रोस्कोप

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करतो. कोरडवाहूंचा राग समजतो, पण इथे दोन वेगळे डास एकत्र कालवले जातायत.

डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास म्हणजे एडिस, पायावर पांढरे पट्टे असलेला. तो नालीत सहसा जात नाही. त्याला लागतं घरातलं, अंगणातलं, साचलेलं स्वच्छ पाणी. रांजण, ड्रम, कूलर, टायर, फुटका माठ, गुरांची ढोणी. तो दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटरच्या आसपासच फिरतो. म्हणजे तुमच्या गल्लीत डेंग्यू झाला तर डास बहुधा तुमच्याच गल्लीतला.

नालीतला आणि सेप्टिक टँकमधला डास क्युलेक्स. तो रात्री चावतो, झोप उडवतो आणि हत्तीरोग पसरवतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे, गोळ्या वाटप दरवर्षी बघताच तुम्ही. तर नाली साफ झालीच पाहिजे, पण नाली साफ केल्याने डेंग्यू थांबणार नाही. डेंग्यू थांबायचा तर रांजणच बघावे लागतील.

---

कोरडवाहू

म्हणजे नाली न उपसण्याला तुम्ही शास्त्रीय परवाना दिलात. आमचा सरपंच हा प्रतिसाद फ्रेम करून लावेल.

---

मायक्रोस्कोप

:) तसं नाही. नाली हत्तीरोगासाठी उपसा, डेंग्यूचं निमित्त नको एवढंच. आणि तुमचा तो व्हॉल्व्हचा खड्डा मात्र एडिसला पसंत पडण्यासारखा आहे. पाणी स्वच्छ, सावली, कुणी हलवत नाही. तो यादीत हवाच.

---

तर्रीपोहा

कोरडा दिवस म्हणजे काय ते वर्धेकरांना विचारा. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून रोजच ड्राय डे आहे आणि तरीही कोणाचा घसा कोरडा राहिलेला नाही. ठरावाचं काय होतं ते यावरून ओळखा.

---

डायरीवाली_ताई

मी आशा आहे. इथे नुसती वाचत असते, आज लिहिते.

खारपाणभाऊ, तुमच्या त्या पथकात माझ्यासारखीच एक बाई आहे. तिची बाजू पण ऐका. सकाळी नऊनंतर गेलं तर घराला कुलूप, सगळे निंदणाला. संध्याकाळी गेलं तर चुलीची वेळ. दार उघडलं तरी मोरीपर्यंत येऊ देत नाहीत. "आमच्याच घरी काय दिसते तुले, त्या मोठ्या वाड्यात जाऊन पाहाय ना." टॉर्च मारून रांजणातल्या अळ्या दाखवल्या तर म्हणतात, ते तर पाण्यातले किडे आहेत, आमचे आजे हेच पाणी पेत होते.

एका घरी मी वाद घातलाच नाही. त्यांच्याच रांजणातल्या अळ्या काचेच्या बरणीत घेतल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी त्यांच्याच ओट्यावर ठेवून आले. तीन-चार दिवसांत बरणीत मच्छर उडायला लागले. त्या घरची आजी बरणी घेऊन गल्लीभर फिरली, "हे पाहा वं बायांनो, आपल्याच घरचे निंगाले." त्या गल्लीत मला परत काही सांगावं लागलं नाही.

दंडाबद्दल माझं म्हणणं असं. लावायचा तर लावा, पण पावतीबुक आमच्या हातात देऊ नका. मला त्याच घरी गरोदर बाईची नोंद घ्यायला जायचं असतं, लेकराच्या डोसाची आठवण करायला जायचं असतं, तापाच्या माणसाचं रक्त घ्यायला पाठवायचं असतं. मी दोनशे रुपये घेणारी बाई झाले की ते दार मला बंद. मग ताप आला तरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की पथक येते.

---

निंबाचा_पार

ताई, प्रतिसाद फार आवडला. बरणीची युक्ती आमच्या शाळेत करतो.

---

वावरातला_बुढा

ताई, बरोबर बोलली तू. पावती ग्रामसेवकानं फाडावी, पोरीसोरीच्या गळ्यात कायले बांधता. पन दंड पाह्यजेच, मी मागं हटत नाई.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडं. मुंबईत महापालिका १८८८ च्या अधिनियमातल्या कलम ३८१ खाली नोटीस देते, ऐकलं नाही तर खटला भरते. त्यामुळे टीव्हीवर "डास सापडले, दंड ठोठावला" अशा बातम्या दिसतात आणि गावागावांत तसंच करावंसं वाटतं.

ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या अधिनियमावर चालतो. कलम ४५ आणि ग्रामसूची यांत आरोग्य, स्वच्छता ही कामं पंचायतीवर सोपवली आहेत. पण काम सोपवलं म्हणून हात वर करून दंडाचा आकडा ठरवता येतो असं मला वाटत नाही. त्यामागे अधिनियमाचा किंवा रीतसर उपविधीचा आधार दाखवावा लागेल. म्हणून ठरावाची नक्कल मागा आणि "कोणत्या तरतुदीखाली" हे लेखी विचारा. चिडून नाही, साध्या अर्जावर.

घरपट्टीत जोडणं मला पटत नाही, कर आणि दंड या दोन गोष्टी आहेत. दाखले अडवणं तर नाहीच. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या स्वतंत्र कायद्याखाली होते, तिचा तुमच्या रांजणाशी काय संबंध?

मात्र याचा अर्थ घरमालक मोकळा असाही नाही. जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल असं निष्काळजी वागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे, जुन्या दंडविधानातलं २६९. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गावात कोणी तिथवर जाऊ नये, पण "माझं घर, माझा रांजण" हा बचाव पुरत नाही.

---

खारपाण

काळा_कोट, नक्कल मागितली आहे. ग्रामसेवक म्हणाले, "तुम्हीच एक हुशार गावात?"

---

पऱ्हाटी

एवढी चर्चा कायले? फवारणीतून उरलेलं मोनो दोन झाकणं नालीत अन् उलसक ड्रमात टाकायचं. अळी काय, तिचा बाप मरते.

---

मायक्रोस्कोप

पऱ्हाटी, गमतीतही लिहू नका, कोणीतरी खरंच करेल. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तेही औषध प्यायले नव्हते, नुसतं अंगावर उडालं आणि श्वासातून गेलं. तुम्ही ड्रमात टाकायला सांगताय. शेतीचं कोणतंही औषध पाण्याच्या भांड्यात नाही, नालीतही नाही. तिथे गुरं तोंड लावतात, कोंबड्या चरतात.

अळ्यांसाठी वेगळं औषध असतं, टेमिफॉस. लोक अ‍ॅबेट म्हणतात. वापरायच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम इतक्या बारीक प्रमाणात टाकतात, आरोग्यसेवक मोजून टाकतो. प्रमाण त्यालाच ठरवू द्या.

---

पऱ्हाटी

ठीक आहे साहेब. शब्द मागे.

---

लोणारची_लेक

माझ्या भाच्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या. सगळे पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात. द्यावा का?

---

मायक्रोस्कोप

डॉक्टर बघतायत ना? भरपूर पाणी, ओआरएस, तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा दुखण्याची इंजेक्शनं नकोत, रक्तस्राव वाढतो. पपईच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नका. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त लक्ष ठेवायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरडीतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

---

वाशीमकर_परदेशी

मी सिंगापूरला असतो. इथे दंडाचा विषय निघाला की सगळे आमचंच उदाहरण देतात, म्हणून लिहितो. इथे अधिकारी घरात येऊन फुलदाणीखालची बशी, बाथरूमची जाळी, सगळं तपासतात. अळ्या निघाल्या तर घरमालकाला पहिल्यांदा २०० डॉलर. वशिला चालत नाही. आणि एवढं करूनही २०२० साली इथे डेंग्यूचे ३५ हजारांवर रुग्ण झाले. २०१६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले, वोल्बॅकिया जिवाणू असलेले नर डास सोडतायत. त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत.

दुसरं म्हणजे इथे नळाला चोवीस तास पाणी आहे. ड्रम भरून ठेवायची वेळच येत नाही. खारपाण यांच्या गावाला इथला दंड नेऊन लावायचा आणि इथला नळ इथेच ठेवायचा हे कसं चालेल?

---

वावरातला_बुढा

नर मच्छर सोडते? आमच्या इथं आहे तेच संभाळनं होऊन नाई राह्यलं, आनखी सोडा मंग.

---

मोहफूल

गडचिरोलीतून. आमच्याकडचा मुख्य प्रश्न हिवतापाचा आणि त्याचा डास जंगलातल्या संथ ओढ्यांत, धानाच्या बांध्यांत वाढतो. लाल खूण कोणाच्या दारावर करणार, झाडाच्या? तिथे कामाला येतात औषध लावलेल्या मच्छरदाण्या, घरातल्या भिंतींवरची फवारणी आणि ताप आला की त्याच दिवशी किटवर तपासणी. मच्छरदाण्या वाटल्यावर मात्र आठवड्याभरात त्यातल्या काही कोंबडीच्या पिल्लांवर आणि काही नाल्यात मासे धरायला दिसतात. त्याला दंड करा म्हटलं तर मी पहिला हात वर करीन.

---

धानपट्टा

मोहफूल, मच्छरदाणीतले मासे गोड लागतात हे कबूल करा.

---

सावजी_रस्सा

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे पळसाचे मेढे उचलून "ढेकूण-मोंगसे घेऊन जाय गे मारबत" करत शिवेबाहेर फेकून येतात. वर्षानुवर्षं मारबत घेऊन चालली, मोंगसे म्हणजे मच्छर काही संपत नाहीत. शिवेबाहेर फेकलेल्या मडक्यांत पाणी साचत असेल बहुतेक.

---

पैनगंगेपलीकडचा

मी हिमायतनगर तालुक्यातला, उमरखेडला लागूनच आहोत, म्हणून आगाऊपणा माफ करा. आमच्या तालुक्यातलं टेंभुर्णी गाव बघून जा. तिथे उघड्या नाल्याच बंद केल्या, घरोघरी शोषखड्डे. मोरीचं, न्हाणीचं पाणी घरच्या घरी जमिनीत. डास इतके कमी झाले की पुढे सगळ्या नांदेड जिल्ह्यात तेच केलं, रोजगार हमीत खड्डे बसवून घेतले. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. लोकांना खड्डा मिळाला, मजुरीही मिळाली. दंडाची भाषा कमी लागली.

---

कोरडवाहू

पैनगंगेपलीकडचा, तुमचं गाव ऐकून आहे, मानतो. पण खारपाणपट्ट्यात हे जसंच्या तसं चालणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खोलवर चिकण काळी माती. पाणी मुरतच नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि खड्डा वरपर्यंत तुंबून बसतो, म्हणजे डासांना नवीन हौद. इथे उतार धरून बंदिस्त नाली किंवा परसबागेत पाणी सोडणं बरं.

---

पैनगंगेपलीकडचा

हो, जमीन बघूनच करायचं. मुरमाड जागा मिळाली तर करा.

---

निंबाचा_पार

मूळ प्रश्न बाजूला पडला, परत आणतो. मी शिक्षक आहे. आठवड्याचा कोरडा दिवस का म्हणतात? अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांच्या आत भांडं एकदा रिकामं झालं पाहिजे. खारपाण यांच्याकडे नळच आठ-दहा दिवसांनी. म्हणजे पाण्याचा आणि डासाचा फेरा एकच आहे. सरकारी शनिवार तिथे बसणारच नाही.

मग शनिवार सोडा. नळ येतो त्या दिवशी, नवीन पाणी भरायच्या आधी, तळाचं पाणी सडा-सारवणाला काढून घ्यायचं, भांडं आतून घासायचं आणि मग भरायचं. घासायचं यासाठी की एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. नुसतं ओतून परत भरलं की ती फुटतात. कूलरचंही तेच. उन्हाळा संपला की कूलर तसाच माळ्यावर जातो, पुढच्या एप्रिलमध्ये पाणी घातलं की मागच्या वर्षीची अंडी तयार.

मधल्या दिवसांसाठी ड्रमाच्या तोंडावर जुन्या धोतराचं दुहेरी फडकं, नाड्याने घट्ट. झाकण चालत नाही, वाकतं, फट राहते. शौचालयाच्या गॅस पाइपला जाळी. एवढं केलं तर पाणी ओतून द्यावं लागत नाही.

---

डायरीवाली_ताई

गुरुजी, हे पटलं. मी एक जोडते. नळ कधी येणार हे आम्हालाच माहीत नसते. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या मनावर असते. तो दिवस आधी फळ्यावर लिहिला तर मी आदल्या सांजेला गल्लीत आवाज देऊ शकते. पाणी आल्यावर बाया घाईत भरतात, नळ अर्धा तास. तेव्हा घासायला कोणाला वेळ आहे?

---

कोरडवाहू

बघा, फिरून गाडी पंचायतीच्याच दारात आली. फळा, वेळ, व्हॉल्व्ह. म्हणून म्हणत होतो.

---

वावरातला_बुढा

तुमी सगळे शिकेल लोक पंचायतीले शिव्या देता. अन् ते पंक्चरवाले दुकान, ज्याच्या बाहेर पन्नास टायर पावसात पडून राह्यते? ते भंगारवाला? त्याले फडकं बांधाले सांगसान का? तिथं दंडच चालते.

---

मायक्रोस्कोप

काकांचा मुद्दा बरोबर आहे. टायरमध्ये पाणी दिसत नाही, ओतताही येत नाही, सावली असते. प्यायला ठेवलेलं पाणी आणि दुर्लक्षाने साचलेलं पाणी यांना एकाच दंडात धरू नये. पहिल्यावर मदत, दुसऱ्यावर दंड.

---

काळा_कोट

असा फरक ठरावात लिहिला तर तो टिकायलाही सोपा जाईल.

---

तर्रीपोहा

आणि दंड कोणाला होतो याची यादी फळ्यावर लावा. आमच्याकडे एकदा असं पथक फिरलं तेव्हा अळ्या फक्त विरोधी पॅनेलच्या गल्लीत सापडल्या. सत्ताधारी गल्लीतले डास बहुधा पक्षशिस्त पाळत होते.

---

खारपाण

मंडळी, ग्रामसभा झाली. थोडक्यात सांगतो, कारण भांडणं बरीच झाली.

ठराव रद्द झाला नाही, बदलला. दाखले अडवायचं आणि घरपट्टीत जोडायचं कलम गेलं. कोणत्या तरतुदीखाली, याचं उत्तर ग्रामसेवकांकडे नव्हतं, त्यांनी पंचायत समितीकडून विचारून घेतो म्हटलं. तोवर २०० रुपये फक्त टायर, भंगार, बंद पडलेले कूलर आणि रिकाम्या प्लॉटवरच्या खड्ड्यांना, तेही मागणीपत्र म्हणून. प्यायच्या-वापरायच्या पाण्याला दंड नाही, त्याऐवजी फडकं आणि औषध. पाहणी आशाताई करणार नाहीत, त्या फक्त माहिती देणार.

पंचायतीच्या जागांची वेगळी यादी होणार, तिच्यात पहिली शाळेची टाकी, मग अंगणवाडी, मग व्हॉल्व्हचा खड्डा. सरपंच म्हणाले, "शाळेच्या टाकीत अळ्या निघाल्या तर दंड मी भरायचा का?" मागून कोणीतरी "हो" म्हणालं आणि तिथून अर्धा तास वाया गेला. त्याचा निकाल लागला नाही.

नळाचा दिवस फळ्यावर लिहायचं ठरलं. पाणी सोडणारा सभेला आलाच नव्हता.

---

वावरातला_बुढा

टायरवाल्याले लावला ना? झालं माह्यं समाधान.

---

सावजी_रस्सा

व्हॉल्व्हचा खड्डा यादीत गेला, कोरडवाहूंचा सत्कार करा.

---

खारपाण

एक राहिलं. गप्पी मासे कुठे मिळतात? आणि आईला भीती वाटते की रांजणात मासा सोडला तर पाणी बाटेल.

---

मायक्रोस्कोप

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी पैदास टाकी असते. फुकट देतात. प्यायच्या रांजणात सोडायचेच नाहीत, आईंचं बरोबर आहे. गुरांची ढोणी, वापरायचा हौद, पडीक विहीर अशा जागी सोडा. नदी-नाल्यात नको, तिथल्या देशी माशांना त्रास होतो. आणि टेमिफॉस टाकायला आरोग्यसेवक आला तर त्याला मासे सोडल्याचं आधी सांगा.

---

डायरीवाली_ताई

न्यायला जाताना स्टीलचा डबा नेऊ नका भाऊ, उन्हात तापतो. प्लास्टिकचा कॅन न्या, अर्धा भरा.

---

निंबाचा_पार

खारपाण, ठरावाची नक्कल मिळाली की इथे मजकूर टाका. आमच्या सरपंचांना दाखवायचा आहे.

---

खारपाण

टाकतो. ग्रामसेवक सोमवारी या म्हणालेत, कोणता सोमवार ते सांगितलेलं नाही.